लव्हाळं कापणारी दुर्मिळ प्रजाती

भूदृश्य खात्यात निर्णय घेऊ नये असा काही नियम नव्हता; तशी फक्त पद्धत होती. नियमापेक्षा पद्धत टिकाऊ असते, कारण ती बदलायची तर कुणाला तरी निर्णय घ्यावा लागतो. त्यामुळे गावाच्या टोकाला, फळबागा आणि वस्ती यांच्यामध्ये पसरलेल्या पाणथळाचं काय करायचं, हा प्रश्न खात्यात वर्षानुवर्षं भिजत पडला होता.

बागवाल्याचं म्हणणं, पाणथळ बुजवून तिथे झाडं लावू द्यावीत. वस्तीतल्या लोकांचं म्हणणं, मुळीच बुजवू नये, कारण पावसाचं जास्तीचं पाणी तिथे मुरतं आणि आपल्या घरात शिरत नाही. खात्याने दोघांचेही अर्ज आस्थेने वाचले, 'आपल्या भावना योग्य त्या स्तरावर पोचवण्यात येत आहेत' असं दोघांनाही कळवलं, आणि योग्य तो स्तर कोणता हे ठरवण्यासाठी एक समिती नेमली.

या खात्यात निर्णय समन्वयक नावाचं एक पद होतं. कोणताही निर्णय कुणाच्याही अंगावर पडणार नाही याची काळजी घेणं, हे त्या पदाचं काम. त्यावर बसलेला माणूस या कामाला जन्मजात लायक होता. हॉटेलात गेला की शेजारच्या टेबलावर काय आलंय ते बघून तो तेच मागवी. मोजे कोणते घालायचे हे त्याची बायको ठरवी, आणि ती माहेरी गेली की तो सरळ चपला घालून कचेरीत येई. पन्नाशी जवळ आलेली, केस विरळ झालेले, मन मात्र लोण्याचं. कुणी आवाज चढवला की त्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटायचं.

त्याला वाढवलं त्याच्या आत्याने. आईवडील लवकर गेले तेव्हा तिने त्याला उचलून आपल्या घरी आणलं, ते घर पाणथळाच्या काठावर होतं. गुडघाभर पाण्यात उतरून लव्हाळं कापायचं, वाळवायचं, त्याच्या चटया विणायच्या आणि बाजारात नेऊन विकायच्या, हा आत्याचा धंदा. भाच्याची शाळा, कॉलेज, मुलाखतीचा सदरा, सगळं त्या चटयांतून निघालं होतं. अशा आत्यांबद्दल लिहिताना 'माउली' वगैरे म्हणायची रीत आहे. पण खरं सांगायचं तर बाई भांडकुदळ होती. चटई चार बोटं आखूड विणून पुरी म्हणून खपवायची, आणि बागवाल्याशी तिचं वैर इतकं जुनं होतं की ते कशावरून सुरू झालं हे दोघंही विसरले होते. भाच्याला ती अजून 'लहान्या' म्हणायची, आणि तो कचेरीत असला तरी रस्त्यावरून खिडकीत ओरडून म्हणायची.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना खात्यात प्रणाली आली.

तिचं पूर्ण नाव 'श्रमाधारित भूदृश्यांतील परिसंस्था सेवा व्यवस्थापनार्थ निर्णय-साहाय्य प्रणाली'. हे नाव दाराच्या पाटीवर मावेना, म्हणून आधी दार रुंद करण्यात आलं. प्रणालीबरोबर एक तज्ज्ञ बाईही आल्या. बाई हुशार होत्या, कामसू होत्या, आणि प्रणालीवर त्यांचा जीव होता. त्यांनी सभागृहात सगळ्यांना बोलावलं, चहा-बिस्किटं दिली आणि भिंतीवरच्या पडद्यावर पाणथळाचा नकाशा लावला.

"परिसंस्था सेवा म्हणजे निसर्ग आपल्याला जे मुकाट्यानं देत असतो ते," त्यांनी समजावलं. "पाणी गाळणं, पूर अडवणं, फुलांचं परागीकरण, डोळ्यांना बरं वाटणं."

"या सेवा कायम आहेत की कंत्राटी?" खात्याच्या साहेबांनी विचारलं. साहेब कोणत्याही विषयात लगेच मुद्द्याला हात घालत.

पडद्यावर प्रत्येक सेवेपुढे एक पट्टी होती आणि पट्टीवर एक ठोकळा. ज्या सेवेला जितकं महत्त्व द्यायचं तितका तिचा ठोकळा उजवीकडे सरकवायचा. मग सगळ्यांच्या मतांची सरासरी काढून प्रणाली सांगणार, जमिनीचं काय करायचं. बागवाल्याने 'फळं' हा ठोकळा पार टोकाला नेला आणि बाकीचे शून्यावर आणले. मधमाश्या आल्या नाहीत तर फळं धरणार नाहीत, अशी बाईंनी आठवण करून दिल्यावर त्याने 'परागीकरण' करंगळीने किंचित पुढे ढकललं. वस्तीतल्या लोकांनी 'पूर अडवणं' टोकाला नेलं. साहेबांनी सगळे ठोकळे बरोबर मध्यावर आणून ठेवले आणि लांब होऊन बघितलं, ओळ सरळ आहे ना.

आत्या पुढे आली. "यात चटई कुठंय?"

"चटई ही सेवा नाही, आजी. ते उत्पादन झालं."

"आजी कुणाला म्हणतेस गं? केस पिकलेत, मी नाही पिकले." आत्याने सगळ्या पट्ट्या वाचून काढल्या आणि 'डोळ्यांना बरं वाटणं' हा ठोकळा धाडकन टोकाला नेला. "म्हणजे याचं थोबाड दिसायला नको," ती बागवाल्याकडे बोट करून म्हणाली.

समन्वयकाची पाळी आली तेव्हा त्याने आतापर्यंतची सरासरी किती झाली ते विचारून घेतलं, आणि आपले ठोकळे तिथेच ठेवले.

प्रणालीने थोडा वेळ विचार केला. मग पडद्यावर अक्षरं उमटली: पाणथळ अत्यंत मोलाचं आहे, ते राखावं. वस्तीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने बागवाल्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर घरी निघून गेला असता. पण प्रणालीचं बोलणं संपलं नव्हतं. मोलाची वस्तू राखायची म्हणजे तिच्यावरचा ताण काढायला हवा, हे ओघानेच आलं. पाणथळावरचा सर्वांत मोठा ताण कोणता, तर दरवर्षी लव्हाळं कापणारा मनुष्य, नग एक. सदर ताण त्वरित दूर करण्यात यावा.

आता टाळ्या बागवाल्याने वाजवल्या. ही बाई एकदा काठावरून हलली की पाणथळासाठी भांडायला कुणी उरणार नाही, आणि मग ते हळूहळू बुजवायला किती वेळ लागतो, हे त्याच्या बरोबर ध्यानात आलं होतं. साहेबांच्या चेहऱ्यावर तर किती तरी वर्षांनी तेज दिसलं. खात्याने निर्णय दिला होता, आणि तो कुणीही घेतलेला नव्हता. तो आत्याला रीतसर कळवायचं काम समन्वयकाकडे आलं, कारण त्याच्या पदाच्या नावात निर्णय हा शब्द होता.

आत्या ओसरीवर विणत बसली होती. समन्वयक उभाच राहिला.

"आत्या, प्रणालीनं सांगितलंय, तू आता लव्हाळं कापायचं नाहीस."

"तिला काय जातंय सांगायला? भिंतीवर बसून असते ती." आत्याचा हात थांबला नाही. "आणि मग मी काय करायचं? बाजारातली माझी जागा चार दिवस रिकामी दिसली की शेजारच्या झाडूवालीनं हातपाय पसरलेच म्हणून समज."

"तू आमच्याकडे राहायला ये ना."

"तुझ्या घरात? तिथं मोजेसुद्धा विचारून घालावे लागतात." मग तिने हातातलं विणकाम खाली ठेवलं. हे ती फार क्वचित करत असे. "लहान्या, मला नुसतं बसवून ठेवलंत तर मी महिन्याभरात मरेन. हे पाणी आहे म्हणून मी सकाळी उठते. तू त्या खात्यात इतकी वर्षं कशाला बसलायस मग?"

हा प्रश्न त्याला पूर्वी तपासनिसांनीही विचारला होता आणि तेव्हा त्याने त्यांना दोन पानी उत्तर दिलं होतं. ते आत्यापुढे वाचण्यासारखं नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं. घरी जाऊन तो जेवला नाही, आणि जेवायचं नाही हे त्याने बायकोला न विचारता ठरवलं, यावरून त्याची अवस्था कळावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळीच तो तज्ज्ञ बाईंच्या खोलीत गेला.

"माणसांसाठी प्रणालीत दोनच रकाने आहेत," बाई म्हणाल्या. "लाभार्थी आणि ताण. काठावरून बघत उभी राहिली तर तुमची आत्या लाभार्थी. पाण्यात उतरली की ताण."

"पण लव्हाळं कुणी तरी कापायलाच हवं ना? नाहीतर ते माजतं, पाणी तुंबतं."

"हवंच. ती फार महत्त्वाची सेवा आहे. समजा, एखादी रानम्हैस येऊन ते खाऊन गेली, तर प्रणाली तिला भरपूर गुण देईल."

"म्हणजे म्हशीनं खाल्लं तर सेवा आणि आत्यानं कापलं तर ताण?"

"म्हैस ही प्रजाती आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "प्रजातींचा रकाना वेगळा असतो." मग त्यांना मीटिंगला जायचं होतं, म्हणून त्या गेल्या. प्रणाली उघडीच होती.

समन्वयकाने आयुष्यातला पहिला निर्णय घेतला तो असा. इकडे तिकडे बघून तो खुर्चीत बसला आणि त्याने 'नवीन प्रजाती नोंदवा' हे बटण दाबलं. खोटं लिहायचं नाही, हे मात्र त्याने मनाशी पक्कं केलं होतं. स्थानिक नाव: आत्या. आढळ: पाणथळाचा पूर्व काठ. संख्या: एक. आहार: मिश्र, तिखट जास्त. आवाज: दूरवर ऐकू येतो, विशेषतः बागेच्या दिशेने. स्वभाव: डिवचल्यास अंगावर येते. विशेष वर्तन: लव्हाळं मुळापासून न उपटता वरून कापते. विणीचा हंगाम या रकान्यापाशी तो जरा घुटमळला, पण तिथेही खरं तेच लिहिलं: पाऊस संपल्यावर, ओसरीत बसून.

प्रणालीने आत्याला भराभर गुण दिले. संध्याकाळपर्यंत निकाल हाती आला: पाणथळ ज्या एका प्रजातीच्या जिवावर उभं आहे, ती जगात फक्त इथेच आढळते आणि तिचा एकच नमुना शिल्लक आहे. तो कोणत्याही परिस्थितीत जपण्यात यावा. साहेबांनी फक्त गोषवारा वाचला, कारण साहेब फक्त गोषवाराच वाचत. आपल्या कारकिर्दीत एक दुर्मिळ प्रजाती सापडली, या आनंदात त्यांनी सगळ्या खात्याला चहा पाजला.

सुरुवातीला आत्याची चैन झाली. तिचा विळा पुन्हा चालू लागला. काठावर पाटी लागली: 'शांतता राखा, प्रजाती कामात आहे.' बागवाल्याला औषधफवारणी करायची मनाई झाली, त्याच्या कुत्र्याला साखळी लागली, आणि खुद्द बागवाल्याला प्रजातीच्या दृष्टीस पडू नये असं बजावण्यात आलं. त्याला आपल्याच बागेत वाकून चालावं लागे. आत्या पाण्यात उभी राहून ते बघायची आणि जोमाने कापायची. "हुशार झालास रे लहान्या," ती भाच्याला म्हणाली, आणि त्याची छाती दोन इंच फुगली.

पण प्रणाली कोणतंही काम अर्धवट सोडणारी नव्हती. जपायचं म्हटल्यावर तिने आत्याला नीटच जपायला घेतलं. काठाभोवती कुंपण आलं, त्याला गजांचं फाटक आणि फाटकावर दोन रखवालदार आले. समन्वयकाची बायको दर आठवड्याला आत्याला डबा पाठवायची, तो फाटकावर अडवण्यात आला, कारण प्रजातीला मानवी अन्न देण्यास मनाई होती. आत्या मैत्रिणीच्या नातीच्या लग्नाला निघाली, तर रखवालदारांनी तिला हलक्या हाताने अधिवासात परत आणून सोडलं. तिच्या मनगटात क्रमांकाचं कडं आलं. महिन्यातून एकदा तिला तपासायला गुरांचे डॉक्टर येऊ लागले. ते बिचारे भले गृहस्थ होते. "काकू, मी खूर बघतो. गुडघा कधी बघितलेला नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी कबूल केलं. पण त्यांनी दिलेल्या बैलांच्या मलमाने आत्याच्या गुडघ्याची सूज खरंच उतरली, त्यामुळे तिने डॉक्टरांना फारसा त्रास दिला नाही.

मग हंगाम संपला आणि आत्या चटयांची वळकटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघाली. फाटकावर वळकटी उतरवून घेण्यात आली. संरक्षित प्रजातीची पिसं, कातडी, अंडी आणि घरटी यांच्या विक्रीला बंदी असते. चटई ही प्रजातीने स्वतःच्या अधिवासातल्या गवतापासून विणलेली असल्यामुळे ती घरटं या सदरात मोडत होती. रखवालदारांनी सगळी घरटी अलगद नेऊन पाणथळाच्या काठावर, जिथे ती नैसर्गिकपणे असायला हवीत, तिथे मांडून ठेवली. रात्री अवकाळी पाऊस आला.

सकाळी आत्याची हाक कचेरीच्या खिडकीतून आली तेव्हा साहेबांच्या टेबलावरची फुलदाणी हलली. समन्वयक धावत फाटकावर गेला.

"हे काय करून ठेवलंस मेल्या?" आत्या आत, तो बाहेर. "कापायचं, विणायचं आणि पाण्यात भिजत घालायचं? बाजारात माझी जागा गेली. झाडूवालीनं तिथं पंखासुद्धा लावलाय म्हणे! मला परत माणूस कर."

"करतो, आत्या, आजच करतो."

पण प्रजातींच्या यादीतून नाव काढणं सोपं नसतं. प्रणालीला त्यासाठी प्रजाती नष्ट झाल्याचा पुरावा लागत होता, आणि आत्याला रुचेल असा पुरावा देणं शक्य नव्हतं. तज्ज्ञ बाईंनी सगळा प्रकार ऐकून कपाळावर हात मारला, मग बराच वेळ हसल्या, आणि मग डोळे पुसून दुसरी वाट दाखवली. प्रजाती दुर्मिळ उरली नाही तर तिचं संरक्षण आपोआप उठतं. म्हणजे लव्हाळं कापणारं आणखी कुणीतरी हवं. आणखी एक नमुना मिळाला, त्याने एक हंगाम पाण्यात उतरून काम केलं, की आत्या सामान्य झाली. मग तिने कापावं, विणावं, विकावं, हवं तिथे लग्नाला जावं.

"आणखी एकच?" समन्वयकाच्या जिवात जीव आला. "एक माणूस काय, कुठेही मिळेल."

माणूस शोधायचं काम प्रणालीने स्वतःकडे घेतलं. तिने आत्याचा पाण्यात उभा राहिलेला एक सुंदर फोटो काढला, मागे ऊन, हातात विळा, आणि तो सगळ्या जनतेच्या फोनवर पाठवून दिला. सोबत तीनच प्रश्न. ही प्रजाती टिकावी असं आपल्याला वाटतं का? तिला किती तारे द्याल? आणि, तिच्यासोबत एक हंगाम लव्हाळं कापायला आपण याल का?

जनतेचं प्रेम अक्षरशः उतू गेलं. लाखभर लोकांनी उत्तरं पाठवली. प्रजाती टिकावी, टिकलीच पाहिजे, यावर एकमत झालं. तारे तर पाचांच्या खाली कुणी दिलेच नाहीत. 'डोळ्यांत पाणी आलं', 'खरं जगणं हेच', 'आमच्या मुलांना हे दाखवायला हवं', असं लोकांनी लिहिलं. गाडी लावायला सावलीतली जागा आहे का, असंही काहींनी विचारलं. बागवाल्यानेही पाच तारे दिले होते, कारण न दिले तर उत्तर कुणाचं हे कळेल अशी त्याला भीती होती.

तिसऱ्या प्रश्नाखाली तीन बटणं होती. होय. नाही. आणि, नंतर आठवण करून द्या.

समन्वयकाच्या फोनवरही तो प्रश्न आला. तो तेव्हा आत्याच्याच फाटकाशी उभा होता. आत्याने गजांतून मान वाकवून पडदा बघितला.

"दाब की," ती म्हणाली. "तुला विळा धरायला मीच शिकवलंय. सहावीत असताना माझ्या बरोबरीनं कापायचास. दुसरं कुणी कशाला हवं?"

त्याचं बोट 'होय' वर गेलं. मग त्याला आपला दुखरा गुडघा आठवला, रजेचा अर्ज आठवला, साहेब काय म्हणतील ते आठवलं. पाण्यात उभं राहून खात्याचा निर्णय समन्वयक गवत कापतोय, आणि काठावरून लोक बघतायत. 'नाही' हे बटण तर त्याला दिसतच नव्हतं, इतकी त्याला तिची माया होती. त्याने तिसरं बटण दाबलं. आत्याने गजांवरचा हात काढून घेतला आणि ती आत गेली. आयुष्यात एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती. पण लाज वाटली म्हणून दाबलेलं बटण परत वर येत नाही.

त्याच्या एकट्यावरच राग काढण्यात अर्थ नाही. लाखभर लोकांनी नेमकं तेच बटण दाबलं होतं. 'होय' एकानेही नाही. पण 'नाही' देखील एकानेही नाही.

प्रणालीने हा निकाल अतिशय गांभीर्याने घेतला. ज्याने नकार दिलेला नाही तो येणार आहे. प्रश्न फक्त वेळेचा आहे. म्हणजे लव्हाळं कापणाऱ्या प्रजातीची संख्या एकावरून थेट लाखावर गेली होती. आत्या त्याच क्षणी दुर्मिळ उरली नाही. तिचं कडं काढलं, रखवालदार उठले, पाटी उतरली. आता तिला कुठेही जायची आणि चटया विकायची पूर्ण मोकळीक होती. मात्र प्रणालीने पुढचाही हिशोब केला होता. एक आत्या एका हंगामात निम्मं पाणथळ कापते. लाख आत्या उतरल्या तर दुपारच्या जेवणाआधी लव्हाळ्याची काडी शिल्लक राहणार नाही. पाणथळावर एवढं मोठं संकट पूर्वी कधीच आलं नव्हतं. सबब, सर्व लाख जण प्रत्यक्ष हजर होऊन प्रत्येकाची पाळी ठरेपर्यंत कुणीही लव्हाळं कापू नये. विळा खात्यात जमा करण्यात यावा.

"पण 'नंतर' म्हणजे 'होय' नव्हे, साहेब!" तज्ज्ञ बाई पहिल्यांदाच प्रणालीविरुद्ध बोलल्या.

"कुणी 'नाही' म्हटलंय का?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग झालं तर. एवढ्या लोकांनी शब्द दिलाय. जनतेच्या शब्दावर अविश्वास दाखवायचा म्हणजे निर्णय झाला, बाई. तो मला घेता येणार नाही."

लव्हाळं आता माणसाच्या डोक्याच्या वर गेलं आहे. पाण्याला जायला जागा नाही, म्हणून ते बागेत शिरलं. बागवाला गुडघाभर पाण्यात उभा राहून फळं उतरवतो. शेवटी त्यानेच खात्याला अर्ज केला की कुणीतरी येऊन हे कापा हो, वाटल्यास त्या बाईलाच पाठवा. चिंतेचं कारण नाही, लाखभर कापणारे नोंदलेले आहेत, असं त्याला कळवण्यात आलं. पुढचा मोठा पाऊस आला की पाणी वस्तीत शिरेल, पण वस्तीतल्या लोकांनीही पाच तारे दिलेले असल्यामुळे त्यांना तक्रार करता येत नाही. समन्वयकाच्या फोनवर दर रविवारी आठवण येते. पहिल्या रविवारी बायकोचे भाऊ आले होते, दुसऱ्या रविवारी अंगात कसर होती. येत्या रविवारी तो नक्की जाणार आहे.

आत्या रोज सकाळी गमबूट घालून काठावर येऊन बसते. विणायला काही नाही, बाजारात जागा नाही, आणि भांडायला बागवालाही उरला नाही, कारण तो आता तिच्याशी गोड बोलतो. हातांना काम नसलं की तिला करमत नाही. परवा तिने लहान्याला विचारलं, "एवढ्या लाखांतला एखादा तरी येईल का रे?"

"येतील गं, आत्या. नाही कुणीच म्हटलेलं नाही."

आत्याने मान हलवली आणि रस्त्याकडे तोंड करून बसली. प्रश्न तुमच्याही फोनवर आला होता. फोटो छान होता म्हणून तुम्ही दोन क्षण थांबलातही होतात. तिच्याकडे गमबुटांचा एकच जादा जोड आहे, तो तिने धुऊन उन्हात ठेवलाय. रस्त्यावर अजून कुणी दिसत नाही, पण तुम्ही निघालाच असाल.